विश्लेषण : मोबाइलवरचा 'संत तुकाराम' आणि विस्मरणात गेलेले 'प्रभात'चे दामलेमामा

पिंपरीतील वल्लभनगर एसटी आगाराजवळ मेट्रोचे एक स्थानक आहे, संत तुकाराम नगर. २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाली आणि हे नाव रोजच्या उद्घोषणेतून कानावर पडू लागले. देहू इथून फार लांब नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून याच जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पुण्याकडे जाते. त्या दिवसांत 'तुकाराम' हा शब्द मोबाइलवर टाइप केला, की अभंग आणि कीर्तनांच्या गर्दीत दोन चित्रपट हमखास समोर येतात. एक २०१२ चा, चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित, जितेंद्र जोशी यांचा 'तुकाराम'. दुसरा १९३६ चा, कृष्णधवल, ओरखडे पडलेला, 'प्रभात'चा 'संत तुकाराम'.

दुसरा अनेक जण पाच मिनिटे बघतात आणि बंद करतात. चित्र खरखरीत, आवाज बारीक, वेग कमी. पण तो नीट बघितला तर आजही पकड घेतो, आणि तो तसा का झाला याचे उत्तर त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एकाच्या आयुष्यात सापडते. विष्णुपंत गोविंद दामले हे त्यांचे नाव. मराठी चित्रपटाचा विषय निघाला की दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांची नावे लगेच येतात. दामले यांचे येत नाही. आलेच तर 'दामले-फत्तेलाल' असे जोडीने येते आणि तिथेच थांबते.

पेणचा तरुण कोल्हापुरात काय करत होता?

दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ चा, आजच्या रायगड जिल्ह्यातील पेणचा. चित्रकलेची ओढ त्यांना कोल्हापुरात घेऊन आली. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री आडनावाचे दोन चुलतभाऊ तिथे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. त्यांचे पडदे इतके गाजले की आडनाव मागे पडून दोघेही 'पेंटर' झाले. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत दामले होते, आणि कागलहून आलेले शेख फत्तेलालही होते. दोघांची मैत्री इथे जमली ती शेवटपर्यंत टिकली.

१९१३ मध्ये फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि पेंटर बंधूंना चित्रपटाने झपाटले. अडचण एकच होती, कॅमेरा नव्हता. पहिल्या महायुद्धामुळे परदेशातून माल मिळणे कठीण झाले होते आणि पैसेही नव्हते. म्हणून त्यांनी कॅमेरा स्वतःच बनवायचे ठरवले. आनंदराव १९१६ मध्ये वारले आणि काम अर्धवट राहिले. ते बाबूरावांनी पुढे नेले आणि त्यात त्यांचा मुख्य साथीदार होता दामले.

हे किती अवघड होते, याचा अंदाज यायला कॅमेऱ्याच्या आत डोकावावे लागेल. फिल्म कॅमेऱ्यातून सरळ धावत नाही. एक चौकट भिंगासमोर येते, क्षणभर पूर्ण स्थिर होते, झडप उघडते, प्रकाश पडतो, झडप मिटते, आणि मगच एक छोटा आकडा फिल्मच्या कडेच्या भोकात अडकून तिला पुढे ओढतो. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचे, तेही हाताने दांडा फिरवून. आकडा केसभर मागेपुढे झाला तर पडद्यावरचे चित्र थरथरते. झडपेची वेळ चुकली तर चित्र ओघळल्यासारखे दिसते. आज इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'मेकॅनिझम' शिकवताना अशा खंडित गतीची उदाहरणे देतात. दामले यांच्याकडे ना पुस्तक होते ना पदवी. चाकण-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये एखादा जुना कारागीर बंद पडलेले विदेशी मशीन उघडून, भाग मोजून, लेथवर नवा भाग काढतो, तीच ही जात.

१९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. दामले यांना काही मिळाल्याची नोंद नाही. मिळावे अशी त्यांची अपेक्षा होती, असेही दिसत नाही. पुढची जवळपास दहा वर्षे ते याच कंपनीत छायाचित्रण, नेपथ्य आणि यंत्रे अशी सगळी कामे करत राहिले. १९२८ मध्ये फत्तेलाल यांच्यासह त्यांनी 'महारथी कर्ण' हा मूकपट दिग्दर्शित केला.

'प्रभात' कशी सुरू झाली?

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे पेंटरांच्या तालमीतले. पाचवे सीताराम कुलकर्णी, कोल्हापूरचे सराफ, पैसा त्यांचा. तुतारी फुंकणारी स्त्री हे बोधचिन्ह ठरले. मुख्य दिग्दर्शक शांताराम, कलादिग्दर्शन फत्तेलाल यांच्याकडे, आणि यंत्र म्हणून जे जे काही असेल ते दामले यांच्याकडे अशी विभागणी आपोआप झाली. कंपनीतली माणसे दोघांना 'दामलेमामा' आणि 'साहेबमामा' म्हणत.

सहा मूकपट झाले आणि १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' प्रदर्शित झाला. चित्रपट बोलू लागला होता. मूकपट काढणाऱ्यांपुढे दोनच वाटा उरल्या, आवाज शिकणे किंवा दुकान बंद करणे. 'प्रभात'ने यंत्र आणले आणि ते दामले यांच्या पुढ्यात ठेवले. चाळिशीला आलेल्या या चित्रकाराने दुसऱ्यांदा शून्यातून एक तंत्र आत्मसात केले.

१९३२ चा 'अयोध्येचा राजा' हे त्याचे फळ. मराठीतील पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे प्रमुख भूमिकांत होते. मराठीबरोबर हिंदी आवृत्तीही निघाली. हा चित्रपट आज घरबसल्या बघता येतो, पण तो करमणूक म्हणून लावला तर कंटाळा येण्याची शक्यता आहे. प्रयोग म्हणून बघितला तर मजा येते. कलाकार एका जागी उभे राहून बोलतात, कारण मायक्रोफोन कुठेतरी जवळच लपवलेला आहे. गाण्याच्या वेळी कॅमेरा फारसा हलत नाही, कारण त्या काळी गाणे तिथेच, चित्रीकरण चालू असताना गायले जाई. वादक चौकटीच्या जेमतेम बाहेर बसलेले असत. एक तबलजी चुकला की सगळे पुन्हा.

आवाजाचे काम एवढे अवघड का होते?

त्या काळात आवाज फिल्मवरच नोंदवला जाई. चित्राच्या बाजूला एक अरुंद पट्टी असे. मायक्रोफोनमधून आलेल्या विजेच्या चढउतारानुसार त्या पट्टीवर पडणारा प्रकाश कमीजास्त होई. दाखवताना त्याच पट्टीतून प्रकाश आरपार जाई आणि त्याचा पुन्हा आवाज होई. म्हणजे ध्वनिमुद्रण नीट झाले की नाही हे फिल्म धुऊन आल्याशिवाय कळतच नसे. रसायनात फिल्म जास्त वेळ राहिली तर आवाज बिघडे. विजेचा दाब कमी झाला तर मोटारचा वेग बदले आणि गायकाचा सूरही ढळे. कॅमेऱ्याची घरघर, छतावरचा पाऊस, बाहेर भुंकणारा कुत्रा, सगळे त्या पट्टीत जाऊन बसे.

चित्रपट बिघडण्याच्या एवढ्या वाटा असताना 'प्रभात'चे बोलपट त्या काळच्या मानाने स्वच्छ ऐकू येत, ही ख्याती होती. १९३३-३४ मध्ये कंपनी कोल्हापुरातून पुण्यात आली. एरंडवण्याच्या मोकळ्या माळावर नवा स्टुडिओ उभारला गेला. शहरातल्या एका रस्त्याला आजही प्रभात रस्ता म्हणतात तो या कंपनीमुळे. या स्टुडिओची प्रयोगशाळा, ध्वनी विभाग आणि यंत्रसामग्री मार्गी लावण्यात दामले यांचा वाटा मोठा होता. बापू वाटवे यांच्या 'एक होती प्रभातनगरी'सारख्या पुस्तकांतून या स्टुडिओच्या शिस्तीचे जे चित्र उभे राहते, ते एखाद्या कारखान्याचे आहे. घंटा, हजेरी, सुतारशाळा, कपडेपट, स्वतःचे प्राणी. पगारी नट आणि पगारी सुतार एकाच फाटकातून आत जात.

ज्यांच्यावर विश्वास नव्हता, तेच नायक कसे झाले?

१९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' हाती घेतला. कथा-संवाद शिवराम वाशीकर यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे, गीते शांताराम आठवले यांची, छायाचित्रण व्ही. अवधूत यांचे. तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून नावारूपाला आलेले, आणि स्त्रीपार्टी नट तुकाराम कसा करणार ही शंका तेव्हा घेतली गेली होती. पण ते भजनी होते, गात असत, आणि अभिनय करत आहेत असे वाटू न देण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. चित्रपटानंतर कित्येक घरांत तुकाराम म्हणून पागनीसांचीच तसबीर लागली आणि तिला हारही चढले. आवलीच्या भूमिकेत गौरी होत्या. 'प्रभात'मध्ये अगदी साध्या कामापासून सुरुवात करून त्या पडद्यावर आल्या होत्या. अभिनयाचे कुठलेही शिक्षण नव्हते.

चित्रपटाची सुरुवातच बघण्यासारखी, खरे तर ऐकण्यासारखी आहे. तुकाराम विठ्ठलासमोर डोळे मिटून साध्या चालीत गातो आहे. तेच शब्द थोड्या वेळात सालोमालो देवळात, ताना घेत, मान डोलावत, स्वतःची रचना म्हणून गातो. एकही संवाद न होता अस्सल कोण आणि नकली कोण हे कळते. फरक फक्त चालीचा आणि आवाजाचा. ध्वनीचे काम अंगवळणी पडलेल्या दिग्दर्शकालाच हे सुचू शकते, असे म्हणायला हरकत नाही. आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले बी आणि झाडाच्या रूपकावरचे गाणे तर इतके अस्सल उतरले, की ते तुकारामांचाच अभंग असल्याचा समज आजही अनेकांचा आहे.

चित्रपटाचा कणा मात्र आवली आहे. घरात दाणा नाही, पोरे उपाशी, नवरा मिळालेले वाटून टाकतो. ती कडाडते, म्हशीशी बोलते, आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि विठोबावर पायताण उगारते. संतपट असूनही देवाला जाब विचारण्याचे एवढे मोकळे दृश्य त्यात आहे, आणि ते बघून कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. कारण आवली खोटी वाटत नाही. शिवाजी महाराजांनी पाठवलेले दागिने पोरे अंगावर चढवून नाचतात तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो, आणि तुकाराम ते सगळे परत पाठवतो तेव्हा तो जसा मावळतो, त्यात बरोबर कोण हे चित्रपट सांगत नाही. आजच्या प्रेक्षकाला तिचीच बाजू जास्त पटण्याची शक्यता आहे. दामले-फत्तेलाल यांनी ती वाट बंद केलेली नाही.

चमत्कारांचे काय? ते आहेत, भरपूर आहेत. बुडवलेल्या वह्या इंद्रायणीतून परत येतात, एका शिवाजीचे अनेक शिवाजी होतात, शेवटी गरुडविमान येते. तांत्रिकदृष्ट्या त्यातली काही दृश्ये आज बाळबोध वाटतात. दोर दिसत नाही एवढेच. पण ही दृश्ये कशी घेतली असतील हा प्रश्न डोक्यात ठेवून बघितली तर वेगळी गंमत आहे. तीच फिल्म पुन्हा कॅमेऱ्यात घालून दुसऱ्यांदा चित्रित करणे, एक भाग झाकून दुसरा उघडणे, हे सगळे कॅमेऱ्यातच, मोजून करावे लागे. संगणक नव्हता आणि चूक पुसायची सोय नव्हती.

चित्रपट मुंबईत १२ डिसेंबर १९३६ रोजी प्रदर्शित झाला आणि एकाच चित्रपटगृहात सत्तावन्न आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. जगातल्या तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. पण पदक, मान या गोष्टी बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट लक्षात राहते. तुकारामांवरचा सर्वांत प्रिय ठरलेला चित्रपट पेणच्या एका ब्राह्मणाने आणि कागलच्या एका मुसलमानाने खांद्याला खांदा लावून केला, आणि त्या काळात याची बातमीसुद्धा झाली नाही.

२०१२ चा 'तुकाराम' बघावा की १९३६ चा?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कारणांसाठी. नव्या 'तुकाराम'मध्ये मुलगा तुका आहे, व्यापारी घर आहे, दुष्काळ आहे. माणसाचा संत कसा होत गेला हे तो पायरीपायरीने सांगतो. राधिका आपटे यांची आवली समजूतदार आहे. तुकारामांच्या आयुष्याची ओळख नसलेल्या मुलांबरोबर बघायला तोच बरा. जुना चित्रपट काहीच समजावून सांगत नाही. तुकाराम पहिल्या चौकटीपासून तुकारामच आहे, आणि भोवतालचे जग त्याच्याशी कसे वागते एवढेच तो दाखवतो. म्हणून तो कमी माहिती देतो आणि जास्त वेळ डोक्यात राहतो.

दामले यांचे बाकीचे चित्रपट बघण्यासारखे आहेत का?

१९३८ चा 'गोपाळकृष्ण' जरूर बघावा. पुढे गायक म्हणून मोठे नाव कमावलेले राम मराठे यात बालकृष्ण आहेत आणि शांता आपटे राधा. गोकुळचे दूध मथुरेच्या राजाकडे जाऊ द्यायचे की नाही, या प्रश्नाभोवती फिरणारी ही गोष्ट १९३८ च्या प्रेक्षकाला पुराणापेक्षा स्वतःच्या काळाची वाटली असणार. आज बघताना पोरांचा दंगा आणि गाई-वासरांचा वावर जास्त भावतो.

१९४० चा 'संत ज्ञानेश्वर' अधिक भव्य आहे. शाहू मोडक यांचा ज्ञानेश्वर देखणा आहे, युक्तिदृश्ये 'तुकाराम'पेक्षा सफाईदार आहेत, चालणारी भिंत तर तेव्हा चर्चेचा विषय ठरली. तरीही हा चित्रपट दुरून नमस्कार करावा असा वाटतो. कारण त्यात आवली नाही. देवमाणसाला भाकरीचा हिशेब विचारणारे कोणी नसले की चित्रपट पूजेच्या खोलीत जाऊन बसतो.

१९४१ चा 'संत सखू' दामले-फत्तेलाल आणि राजा नेने यांच्या नावावर आहे. सखू झालेल्या हंसा वाडकर यांच्यासाठी तो बघावा. गौरीही यात आहेत. पुढे हंसाबाईंच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरून श्याम बेनेगल यांनी 'भूमिका' केला. हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री बघितले तर पडद्यावरची सोशिक सून आणि पडद्यामागचे वादळ दोन्ही कळते.

शेवटची वर्षे कशी गेली?

'प्रभात'चा संसार तोवर विसकटत चालला होता. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम यांनी कंपनी सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिर सुरू केले. कंपनीचा सर्वांत मोठा दिग्दर्शक गेला. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर निर्बंध होते. दामले यांची प्रकृती ढासळत होती. १९४४ मध्ये आलेला 'रामशास्त्री' गाजला, पण ती शेवटची मोठी झळाळी ठरली. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात दामले यांचे निधन झाले. वय अवघे बावन्न.

कंपनी त्यांच्यामागे काही वर्षे रेटली गेली आणि १९५३ मध्ये बंद पडली. स्टुडिओ विकला गेला. १९६० मध्ये त्याच जागेवर केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षणाची संस्था सुरू केली, तीच आजची एफटीआयआय. 'प्रभात'चे जुने स्टुडिओ तिथे अजून वापरात आहेत. कुमार शहानी यांच्यासारखे दिग्दर्शक या संस्थेत शिकले आणि त्यांनी 'प्रभात'च्या संतपटांवर गांभीर्याने लिहिले. फत्तेलाल १९६४ मध्ये गेले.

मग हे चित्रपट आपल्या मोबाइलपर्यंत पोहोचले कसे?

ही गोष्ट दामले यांच्या आयुष्याइतकीच महत्त्वाची आहे. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाणी मारूनही विझत नाही. जळली नाही तरी वर्षांगणिक चिकट होते, मग भुकटी होते. कंपनी बुडाली की तिच्या पेट्या भंगारात जाणे ही तेव्हाची रीत होती. भारतातले बहुतांश मूकपट असेच संपले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या कामातले फारच थोडे आज उरले आहे. दामले यांनी उमेदीची जवळपास दहा वर्षे जिथे घालवली, ते जवळजवळ सगळे काम गेले.

'प्रभात'चे बोलपट वाचले, कारण दामले यांच्या कुटुंबाने या चित्रपटांचे हक्क पुन्हा मिळवले आणि ते जपले. पुण्यात अप्पा बळवंत चौकातले 'प्रभात' चित्रपटगृहही हे कुटुंब कित्येक दशके चालवत होते. १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी जुन्या चित्रपटांच्या प्रती गोळा करण्याचा ध्यास घेतला. जानेवारी २००३ मध्ये एफटीआयआयच्या आवारातील नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि असंख्य मूळ रिळे नष्ट झाली, त्यात 'प्रभात'चीही काही होती. अनेक चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून ते बचावले. मूळ रिळावरचे तपशील मात्र अशा प्रत्येक नकलेगणिक थोडे थोडे कमी होत जातात. मोबाइलवर जे दिसते ते नकलेच्या नकलेचे डिजिटल रूप असू शकते.

शिवाय भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे असतो. त्या हिशेबाने १९३६ चा चित्रपट १९९७ पासून खुला होतो. म्हणूनच यूट्यूबवर 'संत तुकाराम'च्या एवढ्या प्रती आहेत, आणि म्हणूनच त्यातल्या कित्येक वाईट आहेत. कोणीही टाकू शकतो, पण चांगली प्रत काढण्याचा खर्च करायला कोणी बांधील नाही.

घरी बघताना काय लक्षात ठेवावे?

आधी लांबी तपासावी. मूळ चित्रपट सुमारे दोन तास अकरा मिनिटांचा आहे. त्यापेक्षा बरीच कमी लांबी असेल तर ती कापलेली प्रत. मग आकार. जुना पडदा जवळपास चौकोनी असे, त्यामुळे आडव्या मोबाइलवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. त्या नसतील तर कोणीतरी चित्र ताणले आहे किंवा वरून-खालून छाटले आहे. पट्ट्या घालवण्यासाठी दोन बोटांनी झूम केले तर आवलीचे कपाळ आणि तुकारामाचे टाळ दोन्ही जातात.

आणि इअरफोन. मोबाइलच्या स्पीकरला मृदंगाचा खालचा घुमारा पेलत नाही, फक्त टाळांची किणकिण आणि आवाजाचा वरचा भाग ऐकू येतो. मग चित्रपट बारीक आवाजात रडतो आहे असे वाटते. साधा वायरचा इअरफोन लावला तरी भजनाचा ठेका खालून उचलून धरतो, आणि गाणे थांबल्यावर उरणारी शांतता ऐकू येते. खरखर राहतेच. पण ती नव्वद वर्षांच्या फिल्मची आहे. दामले यांनी बांधलेल्या ध्वनी विभागाचे काम तिच्या मागे आहे, पहिल्या दहा मिनिटांतल्या तुकाराम आणि सालोमालोच्या दोन चालींपासून.